एक जूनला जन्मलेला वर्ग

आमच्या शाळेत इंग्रजी बोलायला सुरुवात झाली ती 'बॉर्न' या शब्दाने. एकेकाने उभं राहून म्हणायचं, 'आय वॉज बॉर्न ऑन फर्स्ट जून.' जवळजवळ सगळ्या वर्गाचं हेच वाक्य. घरच्यांना तारीख ठाऊक नसली की हेडमास्तर एक जून लिहीत. पहिलीत घ्यायला वय नेमकं बसायचं. त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी शाळेत नाव घातलं नसतं, तर मी पदवीधर होऊन चेन्नईच्या सरकारी कार्यालयात आलो नसतो.

गेल्या वर्षी आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. गाठ वाढत होती, डॉक्टरांनी गुरुवार दिला होता. कार्यालयाच्या वैद्यकीय कार्डावर तिचं नाव चढलं तरच ते होणार होतं. मंगळवारी मी तिला घेऊन मैलापूरला, ही कार्डं देणाऱ्या विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी आईचं आधार आणि माझं सेवापुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. आधारवरचं वर्ष गावच्या शिबिरात कुणीतरी अंदाजाने घातलेलं. त्या हिशेबाने आई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी निघाली.

"ह्या तुमच्या आई?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मग अगदी शांतपणे, "आय वॉझंट बॉर्न येस्टरडे."

हा वाक्प्रचार मी दहावीला गाइडमधून पाठ केला होता. मला फसवणं सोपं नाही, हा अर्थही. 'बॉर्न लीडर' होता, तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मणं होतं. यातलं काही कुणी माझ्या तोंडावर म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"अम्मांना विचारा, तुमचा जन्म कधीचा."

मी विचारलं.

"माघातला," आई म्हणाली. "जवारी काढणीला आली व्हती. का रं, त्यास्नी पत्रिका काढायचीय?"

माघ म्हणजे फेब्रुवारी. हे सांगितलं तर माझी स्वतःची तारीख खोटी ठरत होती, आणि नोकरी त्या तारखेवर लागलेली. मॅडमना मराठी येत नव्हती. जून म्हणालो असतो तरी चाललं असतं. 

"फेब्रुवारी," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा यांचं वय?"

"मला काय ठावं," आई म्हणाली. "लगीन हून सा वर्सं झाल्ती. तुझ्या आदी दोन झाली, ऱ्हायली न्हाईत."

हे मला माहीत नव्हतं.  मॅडमना इंग्रजीत सावकाश सगळं सांगितलं.

"म्हणजे आधारप्रमाणे लग्नात पाच वर्षांच्या," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी आईला खुर्ची दिली. सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला उद्या अकरापर्यंत आणा, तात्पुरतं कार्ड देते, म्हणाल्या.

"आणि फेब्रुवारीचं?" मी विचारलं.

"ते मी लिहून घेतलेलं नाही. लेखी कळवायचं का, तुम्ही ठरवा."

दाखला मिळाला. गुरुवारी ऑपरेशन झालं, आई सुखरूप आहे. सोमवारी मी माझ्या तारखेबद्दल अर्ज दिला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.