मराठी डिस्क, हिंदी डिस्क

आमच्या इंदूरच्या मामीला आयुष्यात कधी शंका म्हणून आली नाही. पाऊस कधी येईल, कुणाची सून कशी निघेल, सरकार किती टिकेल, सगळ्याची उत्तरं तिच्याकडे तयार असत. आणि पाऊस नाहीच आला तर चूक पावसाची. मामांची मिल बंद पडली तेव्हा अख्खं मल्हारगंज हळहळत होतं. मामीनं मात्र बैठकीत एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला आणि दारावर पाटी लावली, ‘लग्नपत्रिका तयार करून मिळतील.’ तोवर तिनं की-बोर्डला हातही लावला नव्हता. “पेटी येते ना मला वाजवता,” ती म्हणाली, “मग यात काय विशेष?”

त्या कॉम्प्युटरमध्ये दोन हार्डडिस्क होत्या. जुनीवर मराठी अक्षरं, आणि सांवेर रोडच्या एका बंद कारखान्यातून आलेल्या दुसरीवर हिंदी अक्षरं आणि नाना तऱ्हेचे गणपती. मशीन चालू होतानाच त्याला सांगावं लागे, आज कुठल्या डिस्कवरून उठायचं. पडदा काळा असेतो डिलीटचं बटन दाबत राहायचं, की निळा पडदा येई. त्यात पहिली डिस्क कोणती ते ठरवायचं. मामी हे काम सकाळी अंघोळ करून, बटनाला कुंकू लावून करायची. एकदा ठरलं की दिवसभर बदल नाही. हिंदी पत्रिकेसाठी आलेला एक कापडवाला काकुळतीला आला, “मामीजी, दो मिनट का तो काम है, बदल दो ना!” मामी म्हणाली, “भिया, आज मराठी का दिन है. कल आना, गणपती भी अच्छा दूँगी.” आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच आला.

मामा मिलच्या ऑफिसात होते. मिल गेल्यापासून ते खिडकीशी बसून असत. “आजकल कहाँ हो, साब?” असं रस्त्यात कुणी विचारेल म्हणून भाजी आणायलाही बाहेर पडत नसत. मशीनकडे तर बघतही नसत.

एकदा मामी मशीन हिंदीवर ठेवून बहिणीकडे देवासला गेली, आणि नेमके त्याच दुपारी महूचे एक गृहस्थ धापा टाकत आले. मुलीच्या मराठी पत्रिकेत तिच्या आजोबांच्या नावामागचं ‘हवालदार’ राहून गेलं होतं आणि छापखाना संध्याकाळी छपाईला बसणार होता. “सगळी नोकरी पलटणीत झाली हो त्यांची,” ते म्हणाले. “ते पत्रिका हातात घेऊन पहिलं तेच बघतील.”

मी सुट्टीला मामांकडेच होतो. मी देवासला फोन लावला आणि म्हटलं, “मामी, सांग, मी करतो.”

“तू बाजूला हो. ह्यांना दे.”

मामांनी रिसीव्हर निखारा धरावा तसा धरला. मामी पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलत होती की महूकरांनाही ऐकू जात होतं. काळा पडदा झाला, निळा झाला, मामांनी पहिली डिस्क बदलली. मशीननं विचारलं, बदल कायम करू का?

“अगं, हे हो की नाही विचारतंय. बिघडलं तर?”

“मिलवाल्यांनी विचारलं होतं का तुम्हाला? हे विचारतंय ना? मग दाबा हो!”

मामांनी दाबलं. क्षणभर काही होईना. मग पडद्यावर एकेक मराठी अक्षर उमटलं आणि मामांनी ‘हवालदार’ स्वतः लिहिलं, एका बोटानं, दोनदा तपासून.

मामी परत आली तेव्हा मामा खुर्चीत बसून दुसरीच पत्रिका जुळवत होते. ती हातातली पिशवी तशीच धरून दारात उभी राहिली, आणि मग त्यांना न उठवता चहा टाकायला आत गेली. त्या दिवसापासून मराठी डिस्क मामांची झाली.

पुढे विजय नगरात रंगीत छपाईची चकचकीत दुकानं निघाली, पत्रिकांचं काम सरलं. मामाही गेले. परवा मी मामीला विचारलं, “त्या दिवशी देवासला खरंच काही काम होतं का गं तुझं?”

ती मामांच्या खिडकीशी जाऊन बसली.

“असेल रे,” ती म्हणाली. “आता कुठं आठवतंय?”