माणसांतला वाटा

वटारची केळीची वाडी आणि मुंबईतली नोकरी यांतून माझ्या वाट्याला जो रविवार उरायचा, तो मी समुद्रात घालवायचो. आईला ते मुळीच पटत नसे. "सहा दिवस धावपळ करतोस, एक दिवस गप पडून राहा की," असं ती म्हणायची. पण आगाशीच्या माझ्या मित्राने कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टच्या चार कयाक आणल्या होत्या. पुढे-मागे दोघांनी बसून वल्हवायच्या, नारिंगी प्लास्टिकच्या होड्या. हौशी माणसांना त्यांत बसवून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या किल्ल्याच्या बेटाला वळसा घालून आणायचं, हा उद्योग आम्ही दोघांनी सुरू केला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट.

माणसं बहुतेक मुंबईची. त्यांना लाइफ जॅकेट चढवायचं, वल्हं कसं धरायचं ते वाळूवरच शिकवायचं आणि मग पाण्यात सोडायचं. नवरा-बायको एका होडीत बसले की कोण चुकीचं वल्हवतंय यावर भांडण ठरलेलं. मित्र गोडबोल्या, म्हणून भांडणं तो मिटवायचा. मी तापट, म्हणून भरती-ओहोटी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. समुद्रावर रागावून काही उपयोग नसतो, हे मला तिथेच कळलं.

पहिल्याच फेरीला आम्ही बेटाच्या वाळूला लागलो, तेव्हा एक म्हातारी पुढे आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिने काही न विचारता माझ्या होडीला हात घातला आणि ती वर ओढली. होडी हलकी, मला एकट्यालाही जमली असती. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला, तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मी काय शाळंतली पोर हाय? होडीला हात लावला, म्हावऱ्यातला वाटा दे."

होडी ओढायला जो हात लावेल त्याला त्या दिवशीच्या मासळीत थोडा वाटा, अशी तिच्या घरची रीत होती.

"आम्ही मासे धरत नाही, मावशी."

"मग दर्यातून आनलंस काय?"

"माणसं."

"मग मानसांतला दे," असं म्हणून तिने आमच्या पाहुण्यांवरून नजर फिरवली आणि एका हडकुळ्या इंजिनिअरकडे बोट दाखवलं. "ह्यो दे. सुकलाय."

सगळे खो खो हसले. इंजिनिअर खरंच तिच्यामागून गेला आणि भाकरी, भात, बोंबलाचं कालवण खाऊन, पोटावर हात ठेवून डुलत डुलत परतला. तोवर ओहोटी लागलेली आणि मी नुसता धुमसत होतो. पुढच्या रविवारी तिने परत वाटा मागितला. त्याच्या पुढच्याही.

हे सगळं कशासाठी चाललंय, ते तिनेच एकदा वाळूवर बसून सांगितलं. नवरा वारला होता. एकुलता एक मुलगा कंपनीत नोकरीला, विरारला फ्लॅट घेऊन राहिलेला. सून चांगली. मुलगा अधूनमधून यायचा आणि एकच म्हणायचा, घराला कुलूप लाव आणि चल. यंदा तर पावसाच्या आत न्यायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

"मी त्याला सांगते, ज्या घरात रविवारी पाव्हना जेवतो, ते घर बंद करायचं कसं?"

म्हणजे आमचे पाहुणे हीच तिची सगळी बाजू. तेव्हापासून, पुटपुटत का होईना, मासे कोण खातं ते मी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच विचारून घेऊ लागलो. एकदा सगळेच शाकाहारी निघाले, तर तिने बटाट्याची भाजी केली आणि वर मलाच ऐकवलं.

मे महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, "फुडच्या रविवारी येतोय तो न्यायला. पाव्हना आन. इसरू नको."

आणि नेमकी त्या रविवारच्या मंडळींनी आदल्या दिवशी फोन करून फेरी रद्द केली. मित्र म्हणाला, बरं झालं, झोपू या. मला झोप कसली येते! सकाळी मी एकटाच होडी घेऊन निघालो. पुढची जागा रिकामी असली की होडीचं नाक उचललं जातं आणि वारा तिला हवं तिकडे फिरवतो, म्हणून तिथे पाण्याचा भरलेला कॅन ठेवला. हात भरून आले. रागही येत होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं.

वाळूवर ती उभी होती आणि शेजारी तिचा मुलगा. धिप्पाड गडी, इस्त्रीची पँट. माझी होडी टेकली तशी दोघांनीही एकदमच हात घातला. त्याचा हात सवयीनेच गेला असावा, कारण पँट भिजल्यावर तो स्वतःवरच चरफडला.

"मानसं कुठायत?" तिने विचारलं.

"आज कुणी नाही, मावशी. मीच आहे."

तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. "चल मग." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "तूपन हात लावलास. तूपन चल."

दारात दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. भांडी मात्र फळीवर तशीच होती. तिने आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि वाढायला लागली.

"दादा, तुम्हीच सांगा हिला," मुलगा मला म्हणाला. "मागच्या पावसात पायरीवरनं पडली. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रभर तशीच पडून होती. बाहेरनं कुनाला कळनार?"

हे ती मला कधीच बोलली नव्हती. त्याचं चुकत नव्हतं, आणि मी तसं म्हणालोही. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मान खाली घालून जेवू लागलो.

"रविवारचे पाव्हने काय उचलायला येनार हायत तुला?" तो तिला म्हणाला.

तिने त्याच्या ताटात भाकरी ठेवली. मग अगदी शांतपणे बोलली.

"ते जेवायला येतात. तू न्यायला येतोस."

त्याचा हात थांबला. बाहेर कोंबड्या काहीतरी उकरत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण भरल्या ताटावरून उठायचं कसं?

"कालवन घाल आजून," शेवटी तो म्हणाला.

जेवण झाल्यावर त्याने दोन्ही गाठोडी स्वतःच उचलून आत नेऊन ठेवली. रात्री शेजारच्या बाईने सोबतीला झोपायला यायचं, एवढं त्याने तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिने आधी नाक मुरडलं, पण हो म्हणाली.

बेटावरून अर्नाळ्याला जाणारी बोट सुटून गेली होती, म्हणून मी त्याला माझ्याच पुढे बसवलं. कोळ्याचा पोर, तरी वल्हं उलटं धरलं. निम्मं पाणी कापल्यावर त्याने वल्हवणं थांबवलं आणि पाठमोराच म्हणाला, "फुडच्या रविवारी जेवायला येतो, असं सांगायचं राहिलं."

"मग फिरवू होडी?"

त्याने नुसती मान हलवली. मी होडी वळवली.

ती अजून वाळूवरच होती. आम्ही परत येतोय हे दिसल्यावर तिला वाटलं, पोराचं मन फिरलं, आता न्यायलाच येतोय. ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांची गच्च घडी घातली. मला ते दुरूनही दिसलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. दोनदा घसा खाकरून मुलगा जोरात ओरडला, "आये, न्यायला नाय आलो! फुडच्या रविवारी जेवायला येतो, ते सांगाया आलो!"

ती उठली, लुगड्याची वाळू झटकली आणि तिथूनच हाक मारली.

"येकटा येऊ नको. सुनेलापन आन!"