विहिरीत न सापडलेले चुलत सासरे

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला बजावण्यात आलं, की शेजारच्या घराशी बोलायचं नाही. त्यांनी आपला माणूस मारलाय. शेजारच्या घरात माझी थोरली चुलतजाऊ. तिलाही लग्नानंतर हेच सांगितलं होतं. फक्त तिच्याकडे खुनी आमचं घर होतं.

हिंडलग्याच्या जरा पुढं आमचं गाव. तिघे भाऊ होते. थोरला जावेचा सासरा, मधला माझा, आणि धाकटा लग्नानंतर वर्षाच्या आतच नाहीसा झाला. त्याच्या वाटणीचं शेत दोघा भावांनी अर्धं-अर्धं घेतलं आणि जन्मभर एकमेकांना म्हणत राहिले, शेतापायी तूच त्याला मारून विहिरीत टाकलास. भाऊ गेले, भांडण राहिलं. पितृपक्षात धाकट्याचा म्हाळ दोन्ही घरं वेगवेगळा घालायची आणि वडे तळता तळता भिंतीवरून शिव्या द्यायची.

त्याची बायको, म्हणजे आमची धाकटी सासू, तिला सगळे आत्ती म्हणतात. ती एक महिना त्यांच्यात जेवते, एक महिना आमच्यात. तिच्या ताटात दोन्हीकडे तूप जास्त पडतं. जे घर तिला उपाशी ठेवील तेच खुनी, असं गाव म्हणेल ना.

मागच्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीचा गाळ काढायला घेतला आणि बादलीतून हाडं वर आली. कामकरी पळाले. जाऊ माझ्या अंगावर धावून आली.

"बघ! तुझ्या सासऱ्याचं पाप वर आलं!"

"विहिरीवर राखणीला झोपत कोण होतं, आक्का? तुमचाच सासरा न्हवं?"

आमची झिंज्या धरण्यापर्यंत मजल गेली. आत्ती लांब चिंचेखाली बसली होती. उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "ती त्येंची न्हवंत. उगं बोंबलू नगा."

पुष्कळ वेळानं ढोरांचा डॉक्टर आला. हाडं उलटीपालटी करून हसला आणि म्हणाला, रेडकू आहे. दोन्ही घरांतले पुरुष अक्षरशः हिरमुसले.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात काम करते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हाडं जवळून न बघता म्हातारीला कसं कळलं? संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना तेल लावताना मी विचारलं. तिनं इकडं तिकडं बघितलं.

"थोरल्यानं मारलं गं. कुऱ्हाडीनं. पहाटंचं. खांद्यावर लाल टावेल व्हता त्याच्या. मी या डोळ्यांनी बघितलं. पुरलं माळावर. कुणाला बोलू नगंस."

मला उकळ्या फुटल्या. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार, तोही आमच्या बाजूचा! सकाळी जाऊ गोठ्यात शेण काढत होती, तिला मी भिंतीवरून सगळं ऐकवलं. ती शेणाचे हात तसेच कमरेवर ठेवून उभी राहिली.

"वा गं वा! मला तिनं परवाच सांगितलंय. कुऱ्हाड तुझ्या सासऱ्याच्या हातात व्हती."

सवयीनं आम्ही आणखी थोडा वेळ भांडलो. मग दोघी एकदमच थांबलो.

"कवा मारलं म्हणाली?" जावेनं विचारलं.

"पहाटे. आणि तुम्हाला?"

"पहाटंच. टावेल?"

"लाल."

"लालच," जाऊ म्हणाली, आणि हात न धुताच चालू लागली. मी तिच्या मागोमाग.

आत्ती मिसरी लावत होती. आम्ही दोघी एकत्र येताना बघून तिचं बोट दातावरच थांबलं. पण घाबरली नाही. चूळ भरून म्हणाली, "मेला न्हाय त्यो. पळाला. निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणारी एक व्हती, तिच्यासंगं. जाताना नवी छत्री घेऊन गेला. मारलेला माणूस छत्री न्हेतोय व्हय?"

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईसा?" मी ओरडले.

"टाकलेल्या बाईला कोण जेवाय घालतंय? म्हायेरात भावजया टपल्या व्हत्या. खून झाला म्हणून दोन घरं भ्याली, म्हणून माझं ताट भरलं."

"म्हातारे, तुझ्यापायी आमी जलमभर कुत्र्यावानी भांडलो!" जाऊ म्हणाली.

"माझ्यापायी? तुमास्नी आवडतंय म्हणून भांडलासा."

आमचा तिच्यावर विश्वास बसला नाही. एकमेकींवर तर नव्हताच. मला वाटलं हे जावेनं पढवलंय, तिला वाटलं मी. म्हणून रविवारी दोघी निपाणीला निघालो, एकाच बसनं, वेगवेगळ्या बाकांवर.

तंबाखूच्या वखारींच्या आसपास आम्ही म्हाताऱ्या कामगार बायांना विचारत फिरलो, हिंडलग्याकडून पळून आलेला कोणी होता का. एकीनं हसून घर दाखवलं. दार उघडलं ती पन्नाशीची बाई. मी आधी तिचं नाक बघितलं. आमच्या दोन्ही घरांत प्रत्येकाच्या तोंडावर आहे तेच बाकदार नाक. आत भिंतीवर हार घातलेला म्हाताऱ्याचा फोटो, त्यातही तेच.

"बा माझा. कोरोनाच्या आदल्या साली गेला," ती म्हणाली. "तुमी कोण?"

जावेनं उलट विचारलं, "त्येंचं मूळ गाव कुठलं?"

"हिंडलग्याकडचं. पर तिकडं कोण न्हाय आता. पटकीत समदं घर गेलं म्हणायचा. भाऊ, भावजया, पयली बायको. त्येंच्या नावानं आमी निवदाची वाडी दावतो की दर साली."

म्हणजे निपाणीत आम्हीच मेलेलो होतो. "अहो ताई, पण..." मी तोंड उघडलं आणि जावेनं दंडाला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं.

"घर चुकलं बाई आमचं," ती म्हणाली, आणि मला ओढत पायऱ्या उतरली.

मागून ती बाई ओरडली, "सोयरं म्हणून घुसाय आलतासा व्हय? पुन्यांदा दिसलासा तर बघा!" दार धाडकन लागलं.

परतीच्या बसमध्ये जाऊ पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली. मला वाटलं, आता ही रडणार. ती दातांतल्या दातांत म्हणाली, "ती पोर त्याच्या शेताची वारस हाय. तोंड उघडलंस तर तुझंबी जाईल आनि माझंबी." आम्हा दोघींचं एकमत झालेली ती एकच गोष्ट. मला तिचा राग आला, आणि आपल्याही डोक्यात तेच आलं होतं म्हणून जास्त आला.

घरी आत्तीनं फक्त एवढंच विचारलं, कवा गेला. आम्ही सांगितलं. ती आपल्या मोकळ्या मनगटांकडं बघत बसली.

"तुमच्या सासवांनी माझ्या बांगड्या फोडल्या," ती म्हणाली, "तवा त्यो तिथं भाकरी मोडत बसला आसंल."

मग तिनं त्याला शिव्या दिल्या. मराठीतल्या संपल्या तेव्हा कानडीत दिल्या. या घरात मी खूप ऐकलंय, पण असं नाही. जाऊ दाराशी उभी होती. आम्ही दोघींनी तिला अडवलं नाही.

पुरुषांना आम्ही काही सांगितलं नाही. ते अजून सुखानं खुनाबद्दल बोलतात. गेल्या आठवड्यात जावेच्या म्हशीनं माझी मेथी खाल्ली. मी तिला चोरटी म्हणाले, ती मला बाराबोड्याची म्हणाली, आणि सगळी आळी दारात येऊन उभी राहीपर्यंत आम्ही थांबलो नाही.