शॉवरवरचा फॅन आणि माझी थोरली जाऊ

केजला आमच्या गल्लीत ओल्या हातानं बटन दाबायची कुणाची हिंमत होत नाही, आणि ही दहशत विजेची नाही, माझ्या थोरल्या जावेची आहे. परळीच्या वीज केंद्रात देखभालीच्या कामावर त्यांनी उभी हयात काढली. बाकीचे पाहुणे आले की पाणी मागतात, जाऊबाई स्टूल मागतात. स्टुलावर चढून मीटरचा बोर्ड उघडतात, कुठली तार कुठं गेली ते बघतात आणि मगच चप्पल काढतात. पुतण्याच्या लग्नात भंतेजी वंदना सुरू करणार, तेवढ्यात जाऊबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं, मंडपवाल्याकडून माइकच्या वायरीचा उघडा जोड टेपनं बांधून घेतला आणि मग शांतपणे म्हणाल्या, ‘‘आता करा.’’

आम्ही नवं घर बांधलं तेव्हा बाथरूममध्ये शॉवर बसवला आणि वाफ जावी म्हणून त्याच्या अगदी डोक्यावर पत्र्याचा एक्झॉस्ट फॅन. जाऊबाई आल्या, मान वर करून बघितलं आणि दोन दिवस मागच्या अंगणात साडीचा आडोसा करून बादलीनं न्हाल्या. सगळी गल्ली विचारायला लागली की नव्या घरात पाण्याची अडचण आहे का. शेवटी लाजेखातर आमच्या ह्यांनी वायरमनला बोलावलं. जास्त लोड आला की आपोआप पडणारी एमसीबी आहे की, असं तो म्हणाला.

‘‘एमसीबी वायर वाचवती,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘माणूस वाचवायचा असंल तर आरसीसीबी लागतंय. थोडा जरी करंट गळला तरी तेवढ्यात बंद पाडतंय.’’

फॅनही तिथून हलवा, असं त्यांचं म्हणणं होतं, पण भिंत पुन्हा फोडायला हे तयार होईनात. निदान ते यंत्र तरी बोर्डात बसलं आणि त्या परळीला गेल्या.

पंधरा दिवसांतच त्या यंत्रानं आमचा जीव नकोसा केला. सासूबाई आंघोळीला गेल्या आणि पाणी जरा तापलेलं असलं की घरातली वीज गुल. पुन्हा चालू करावं, पुन्हा गुल. वायरमन म्हणाला, यंत्रच खराब हाय, काढून डायरेक्ट करून टाकतो. हे तयार झाले. मी मात्र आधी परळीला फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, ‘‘त्याला हात लावू देऊ नकोस. सासूबाईंना आंघोळीला जाऊ देऊ नकोस. मी निघाले.’’

दुपारच्या एसटीनं त्या आल्या. मेन बंद केला आणि वायरमनला फॅन खोलायला लावला. स्क्रू ढिले होताच आतून पाण्याची धार त्याच्या मनगटावर आली. वाफेनं तारेच्या जोडावरची टेप सुटली होती आणि आत पाणी साचलं की उघड्या तारेतला करंट फॅनच्या पत्र्यात उतरत होता. पत्रा शॉवरच्या लोखंडी पाइपाला टेकलेला होता. तोल जाऊ नये म्हणून सासूबाई आंघोळ करताना तोच पाइप धरतात. हे मी सांगितलं तेव्हा वायरमन स्टुलावरून खाली उतरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

‘‘ते खराब न्हवतं बाबा,’’ जाऊबाई त्याला म्हणाल्या, ‘‘रोज सांगत होतं.’’

मग काय, त्यांचंच राज्य. भिंत फुटली, फॅन खिडकीशी गेला, तोही प्लास्टिकचा आणि पाणी न शिरणारा, आणि बटन बाथरूमच्या बाहेर आलं. वायरमननं आधी तसलं यंत्र स्वतःच्या घरात बसवलं, मग गल्लीभर बसवत सुटला, आणि प्रत्येक घरी ‘परळीच्या बाईंनी सांगितलंय’ म्हणून नाव घ्यायचा. सासूबाईंनी थोरल्या सुनेच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घातला. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं जाऊबाईंनी मला नंतर हळूच सांगितलं.

आता त्या पुण्याला लेकीकडं नवव्या मजल्यावर राहतात. परवा फोनवर मी विचारलं, करमतं का.

‘‘इथं समदं बरोबर बसवलेलं हाय गं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला बघायला काईच ठेवलं न्हाई.’’