ऐंशीवरचा झोपाळा

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. कारण त्या दिवशी मी जेवढी घाबरले, तेवढी दहावीच्या निकालालाही घाबरले नव्हते!

मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सरकारी बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही बेहालात एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. दारासमोर गच्ची, गच्चीवर पत्र्याची शेड. ऑफिसचं काम मी घरूनच करते आणि उरलेल्या वेळात वेल्डिंग. हो, वेल्डिंग! लोक केक शिकतात, मी छोटं मशीन आणलं. कुंड्यांचे स्टँड केले, चपलांचं रॅक केलं. सगळं पातळ पाइपचं. मशीनवर करंटचा आकडा साठवर ठेवायचा आणि टाके मारत सुटायचं.

मग नाशिकहून सासूबाई आल्या. गेल्या वर्षी त्यांचं मांडीचं हाड मोडलं होतं, आत स्टीलची पट्टी आहे. चार दिवस राहिल्या आणि म्हणाल्या, "सगळं छान आहे गं, फक्त झोपाळा नाही."

"एवढंच ना? मी करते!"

छताला कड्या ठोकायला घरमालकीण काकीमांची परवानगी नव्हती. म्हणून चार पायांचा सांगाडा, वर जाड पाइप, आणि साखळ्या अडकवायला आठ एमएमच्या दोन पट्ट्या. आता एवढ्या जाड लोखंडाला साठ कसं पुरणार? पण मग किती?

गल्लीच्या टोकाला निमाईदांचं वर्कशॉप आहे. सगळा जन्म वेल्डिंगमध्ये गेलेला माणूस. मी पोचले तेव्हा ते शटर पाडून सायकलवर टांग टाकत होते. मी लांबूनच ओरडले, "दादा, आठ एमएम के लिए कितना रखूँ?"

त्यांनी हात वर केला. "आशी!" आणि गेले.

भाजीवाल्यांच्या कृपेनं बंगाली आकडे मला येत होते. आशी म्हणजे ऐंशी. झालं!

ऐंशीवर रॉड सारखा चिकटत होता. पण सांधा काय दिसत होता! उंच, गोल, गुबगुबीत. पट्टीवर सुरवंट झोपलाय जणू. त्यावर हिरवा रंग फासला आणि घरभर सांगत सुटले, "दोन हत्ती बसवा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आभार मानायला निमाईदांना फोन केला.

"दादा, आपका आशी एकदम बढ़िया!"

"कौन सा आशी?"

"अस्सी! आप ही ने तो बोला था."

निमाईदा हसले. मग म्हणाले, "दीदी, हम तो घर जा रहा था. जाने के टाइम बंगाली लोग 'आशी' बोलता है. मतलब, आता हूँ." आणि मग आवाज बदलला. "आठ एमएम पे अस्सी? वो तो अंदर गया ही नहीं! ऊपर-ऊपर चिपका है. उस पर किसी को बिठाना मत. हम आता है."

आणि गच्चीवरून आवाज आला. कर्र… कर्र… कर्र…

सासूबाई!

सांगते तुम्हाला, त्यांच्या पायातलं स्टील डॉक्टरांनी नीट बसवलं होतं. डोक्यावरचं मी बसवलं होतं! आणि झोपाळा तुटला तर कोण म्हणेल चूक झाली? सुनेनं सासूला पाडलं, एवढंच नाशिकला पोचणार.

मी धावले. "आई, उतरा!"

"का गं? आत्ताच तर बसले."

खरं सांगावं तर कालचे दोन हत्ती आडवे येत होते. आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

"तुमच्या वजनानं तुटेल!"

सासूबाईंचा पाय थांबला. चहा घेऊन आलेल्या काकीमांसमोर मी त्यांचं वजन काढलं होतं! त्यांचे डोळे भरले. "बसणंसुद्धा खुपतं का गं माझं?"

काकीमांना मराठी कळत नाही, पण रडू कळतं. त्या "की होलो, दीदी?" करत समजूत घालायला शेजारी जाऊन बसल्या. झोपाळ्यावर!

पाइप कुरकुरला. मी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी पट्टी धरली. जणू मी धरल्यानं ती थांबणार होती! तेवढ्यात मंदार ऑफिसातून आला.

"आई, काय झालं?"

"तुझ्या बायकोला विचार."

"मंदार, बसू नकोस!" मी किंचाळले. पण आई रडतेय म्हटल्यावर लेक ऐकतोय का? बसला तिसरा! हिरव्या रंगाला केसाएवढी चीर गेली. माझ्या डोळ्यांसमोर. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही देव आठवेना.

"शोबाई नामून!" दारातून निमाईदा गरजले. सगळे उतरा! आणि तिघंही शहाण्या मुलांसारखे खाली उतरले. मी पाऊण तास ओरडले असते तरी उतरले नसते.

निमाईदांनी हातोडीचा एक ठोका मारला. एकच. टण्ण! माझा सुरवंट पट्टीसकट फरशीवर.

मग मी रडत रडत सगळं सांगितलं.

सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "अगं, काकीमा रोज खाली जाताना 'आशी' म्हणतात. त्या काय ऐंशी वेळा जातात? मला चार दिवसांत कळलं. तू दोन वर्षं इथे करतेस काय?"

निमाईदांनी दोन्ही जागा घासल्या, कडांना खाच पाडली आणि एक सांधा स्वतः मारला. मग म्हणाले, "दूसरा आप मारिए." पण आता ऐकण्यावर भरवसा नको! मी कागद पुढे केला. "दादा, नंबर लिख के दीजिए."

त्यांनी लिहून दिला. मी वाचला आणि पुन्हा घाम फुटला.

"नौ सौ बीस? दादा, मेरा मशीन तो दो सौ तक ही जाता है! घर उड़ जाएगा!"

काकीमांनी कागद हातातून घेतला, बघितला आणि कपाळाला हात लावला. "एकशो कुडी! एक सौ बीस!" बंगाली एक आपल्या नऊसारखा काढतात, हे मला कुणी सांगितलं होतं?

सासूबाई काठी टेकत सावकाश आत गेल्या. आणि मग मशीन, गच्चीवरचा दिवा, घरातला फ्रीज, सगळं एकदम गप्प झालं.

त्यांनी मेन स्विच पाडला होता.