धावजीची एकुलती नळी

घाटंजीकडच्या तांड्यावरचा धावजी भजनाला बसला की सूर्य, धरती, गुरू, तांड्याचा नायक, सगळ्यांना आधी नमन. समोर बसलेल्या एकूणएक माणसाचं नाव घेतल्याशिवाय त्याचं भजन उघडायचंच नाही. देवानं तोवर वाट पाहत बसावं. बायको रुपीबाई शेजारी थाळी वाजवायची. तिला मात्र तो नुसतं ‘थाळीवाली’ म्हणून भागवायचा. बायकोचं नाव चारचौघांत घेतं का कुणी?

तिकडं विलायतेत लढाई लागली, कापूस नेणारी जहाजं थांबली आणि यवतमाळच्या बाजारात कापसाला कुत्रं विचारेना. धावजीची कापसानं भरलेली बैलबंडी तशीच ओळखीच्या श्रीकृष्णपंत वकिलांच्या अंगणात येऊन उभी राहिली. वकील हौशी. त्यांच्याकडं भोंग्याचं यंत्र होतं. भोंग्यात गायलं की आवाज मेणाच्या नळीवर कोरला जाई आणि हवा तेव्हा ऐकता येई. पण नळ्याही जहाजानंच यायच्या, त्यामुळं कोरी अशी एकच उरली होती. वकील म्हणाले, तिच्यावर तुझं भजन घेऊ.

धावजी हरखून गेला. त्याचा गळा बसत चालला होता, आणि बापाकडून आलेलं ते भजन तांड्यात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. आता आपण गेलो तरी भजन राहील! वकिलांनी बजावलं, चिलीम भरेपर्यंत नळी संपते, थेट भजनावर ये. धावजीनं मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

शेजारी रुपीबाईनं थाळी धरली, भोंग्यात तोंड घातलं आणि गड्यानं सूर्यापासून सुरुवात केली. वकील हातवारे करू लागले. ह्याला वाटलं, दाद देताहेत. त्यानं वकिलांच्या वाडवडिलांनाही नमन घातलं. शेवटी वकिलांनी नळीकडं बोट दाखवलं तेव्हा कुठं त्याची तारांबळ उडाली. उरलेली नावं उरकायच्या घाईत थाळीवालीच्या जागी तो खणखणीत ‘रुपीबाई’ म्हणून गेला. थाळी थांबली आणि नळीही संपली.

वकिलांनी ती वाजवून दाखवली. सूर्य, धरती, नायक, वकील, रुपीबाई. भजनाचा एक शब्द नाही! धावजी भोंग्यात वाकून भजन शोधू लागला. वकिलांनी धीर दिला, मेण वरून खरवडलं की नळी पुन्हा कोरी होते. धावजीच्या जिवात जीव आला. खरवडा म्हणाला.

वकिलांसमोर कधी तोंड न उघडलेली रुपीबाई पदर सावरत पुढं आली.

“भजन तं हे रोजच म्हन्तेत, सायेब. मायं नाव आजच घेतलं. खरवडू नका.”

एकीकडं बापाचं भजन, दुसरीकडं बायको. त्यानं उगाच बैलांपुढं वैरण सारली. कान लाल झाले होते. मग खाकरला.

“राहू द्या नळी. भजन मी हिले शिकवतो.”

शिकवणी परतीच्या वाटेवर बंडीतच सुरू झाली. अर्धी वाट सरली तरी नमनच चाललं होतं. सूर्य झाला, धरती झाली, नायक झाला. शेवटी समोर बसलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायची पाळी आली, तशी रुपीबाई पदराआड हसत म्हणाली, ‘बंडीवाले’.