रिठ्याच्या पाण्यात धुतलेले शंख

कोल्हापूरच्या काळ्या दगडात शंख सापडत नाहीत. त्यामुळे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे माझे बाबा दर सुट्टीत तमिळनाडूतल्या कोरड्या ओढ्यांत जायचे आणि दगड झालेले शंख पोत्यातून घेऊन यायचे. खडकाच्या थरांत खालून वर जाताना एखादा शंख ज्या थरात पहिल्यांदा दिसतो, तिथं रेघ मारायची. खाली जुना कालखंड, वर नवा. बाबांना ही रेघ इतर संशोधकांपेक्षा जरा खाली मारून दाखवायची होती. त्या हट्टापायी आमच्या घरातली एक अख्खी खोली गेली. प्रत्येक शंखावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर थराचा क्रमांक. क्रमांक नसेल तर शंख म्हणजे नुसता दगड, हे मला शाळेतच पाठ झालं होतं. आईला ते कुणी सांगितलंच नाही. तिला त्या खोलीत कशाला हात लावायची परवानगीच नव्हती.

गेल्या वर्षी बाबा हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. मी त्यांच्याजवळ, आई घरी. ती हुपरीची, चांदीकाम करणाऱ्या घरातली. माहेरी पैंजण उजळायचे तसे तिने सगळे शंख रिठ्याच्या पाण्यात भिजवले आणि पितळी ब्रशने घासले. एकही सोडला नाही.

बाबांना घरी आणल्यावर तिने त्या खोलीचं दार उघडलं. "बघा की, कसं लख्ख झाल्यात! किती वर्सं धूळ खात पडलं हुतं."

बाबा एकेक शंख उचलून उलटसुलट करून पाहत होते. ठिपका कुठेच नव्हता. आता हा माणूस इथंच कोसळणार, असं मला वाटलं. आईच्या बोटांची सालटी निघाली होती आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"झ्याक केलंस," ते म्हणाले. "मला हे कधी जमलं न्हाय." मग तिला शेजारी बसवून, हातातला शंख कुठल्या ओढ्यात सापडला ते सांगत बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

पुन्हा ते त्या खोलीकडे फिरकले नाहीत. पावसाळा संपायच्या आत वारले.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई ती खोली दाखवते. "जायच्या आदी एवढं एक सुख दिलं बघा त्यास्नी," म्हणते आणि माझ्याकडे वळते. "व्हय की न्हाय रं?"



"व्हय आई," मी म्हणतो. "लई खूश झालते."